ग्वेनलियनचं बारसं

फ्रिजच्या दारावर दिगूने एक कागद चिकटवला होता. डाव्या बाजूला इंग्रजी अक्षरांत नावं, उजव्या बाजूला देवनागरीत त्यांचे उच्चार. विमानातून उतरून मला एक दिवसही झाला नव्हता, डोळ्यांवरची झापड उतरली नव्हती, आणि माझा धाकटा भाऊ हातात उलथनं घेऊन मला शिकवायला उभा होता.

"अक्का, रविवारी बारशाला ही अकरा माणसं येणार. नावानं हाक मारलीस तर फार बरं वाटेल त्यांना."

"मारते की. हा कोण, डॅफिड?"

"दावीद. एक एफ म्हणजे व. शेवटी दोन डी आले की जीभ किंचित दातांत धरायची."

"आणि हे दोन एफवालं?"

"दोन एफ म्हणजे फ. फीऑन. ही अङ्हारद. मधला ग गिळायचा, नुसता ङ."

"चला, वर्णमालेत उगाच बसून राहिलेल्या ङला कुठेतरी नोकरी लागली."

दिगू हसला नाही. त्याने उलथनं खालच्या ओळीवर ठेवलं. "हा हिऊ. इथं डब्ल्यू स्वर आहे. वायसुद्धा."

"मग ए, ई, आय, ओ रजेवर गेलेत का?"

"अक्का, तू मनावर घेतलंस तर तुला दहा मिनिटांत येईल."

मनावर घ्यायला मी आलेच नव्हते. मी कशाला आले होते ते माझं मला ठाऊक होतं.

वेल्स हा वेगळा देश आहे हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. मला तो इंग्लंडचा एखादा तालुका वाटायचा. दिगू तिथे कार्मार्थनजवळच्या एका गावात डॉक्टर होता आणि तिथल्याच एका शिक्षिकेशी त्याने लग्न केलं होतं. तिचं नाव शान. ते लिहितात मात्र असं, की मी पहिलं वर्षभर पत्रात 'चि. सौ. सियान' लिहीत होते आणि कुणी मला दुरुस्त केलं नाही. केलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही. माझ्या दिगंबर नावाच्या भावाला त्या गावाने डिग करून टाकलं होतं, ते कोण दुरुस्त करणार होतं?

मी त्या वेळी कराडच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. वीस वर्षं झाली होती. माझ्या वर्गात 'आनि' आणि 'पानी' चालत नसे. मुलगी उठली, 'बाई, पानी पिऊन येऊ?' म्हणाली, की मी तिला दारातच उभी करायची आणि 'पाणी' नीट येईपर्यंत तहानलेली ठेवायची. बहुतेकींना आठवड्याभरात ण यायचा. हौसा नावाची एक पोर होती, वीटभट्टीवरच्या वस्तीतून यायची. कवितेची पाठांतरं तिच्यासारखी कुणाची नव्हती, पण ण तिच्या तोंडात बसेना. मी तिला सबंध वर्गापुढे वीस वेळा 'आणि' म्हणायला लावलं. मुली हसत होत्या, मीही हसले. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. हे मी तेव्हा शिक्षकांच्या खोलीत अगदी रंगवून सांगत असे, 'ण नको म्हणून शाळा सोडली बाईसाहेबांनी.'

आमची आई गेली तेव्हा दिगू नऊ वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. आईचं नाव मंजुळा. दिगूला लहानपणी ळ येत नसे, तो 'मंजुला' म्हणायचा. आई गेल्यावर मी त्याला समोर बसवून, फूटपट्टी हातात धरून, ळ घोटून घेतला. आईचं नाव तरी धड घे, म्हणून. पुढे तो परदेशी निघाला तेव्हा विमानतळावर माझ्या पाया पडून म्हणाला होता, "अक्का, मुलगी झाली की मंजुळा. ठरलं." मी त्या एका शब्दावर बारा वर्षं काढली. माझं लग्न झालं नाही, होणारही नव्हतं. आईचं नाव पुढे जायचं तर दिगूच्याच घरात जाणार होतं.

आणि मुलगी झाल्यावर पत्र आलं, की शानच्या पणजीचं नाव ठेवतोय, ग्वेनलियन. तू आत्या, नाव तूच ठेवायचंस, तिकीट पाठवतो. मंजुळाचा उल्लेखही नाही. मी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून डब्यात टाकलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण तिकीट मात्र मी परत केलं नाही.

कारण बारशात नाव कागदावर ठेवलं जात नाही, बाळाच्या कानात ठेवलं जातं, आणि कानात सांगायचा मान आत्याचा. आत्या जे कानात सांगेल ते खरं, बाकी सगळं लोकांच्या सोयीसाठी, असं माझं मत होतं. मी ठरवून टाकलं होतं. त्यांनी कागदावर काय हवं ते लिहावं. कानात मी मंजुळा सांगणार.

शानची आई एल्लिनेद माझ्या मुक्कामभर त्याच घरात होती. उंच, पांढऱ्या केसांची, गावच्या पोस्टात आयुष्य काढलेली बाई. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा ना. मला चुकीचं म्हणायचं नाही."

"अक्का म्हणा," मी म्हटलं. "तेवढं जमेल तुम्हाला."

इंदुमती हे नाव मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. 'अक्का' मात्र तिने असं म्हटलं की त्यात मला खोड काढता येईना, आणि त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी ती मला स्वयंपाकघरात घेऊन बसली. मी रविवारी नाव सांगणार, तर ते यायला हवं, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

"ग्वेन सोपं आहे," ती म्हणाली. "पुढे दोन एल आहेत ना, तिथं पाहुणे अडतात. ल म्हणायला जीभ लावता तशी लावा. लावली? आता ल म्हणू नका. नुसता श्वास सोडा, जिभेच्या दोन्ही बाजूंनी."

"आवाज न करता?"

"आवाज श्वासाचाच. ग्वेन-ल्ही-अन. जोर ल्हीवर."

तो जो काही वर्ण होता तो ल्ही नव्हता. ल्ही हे मी इथं लिहायचं म्हणून लिहिते. आमच्याकडे मांजराला हुसकावताना बाया असा आवाज काढतात. मी जीभ लावली, श्वास सोडला, आणि थुंकीचा शिंतोडा तिच्या चष्म्यावर उडाला.

एल्लिनेदने चष्मा काढला, एप्रनला पुसला, परत घातला. "छान," ती म्हणाली.

मी वर्गात 'छान' कधी म्हणते ते मला माहीत होतं, त्यामुळे तिचं 'छान' मला झोंबलं. मी पुन्हा प्रयत्न केला नाही. "असली नावं ठेवता कशाला, जी घ्यायला आधी ओठ पुसायचं फडकं लागतं?" असं दिगूला मराठीत म्हणाले. दिगू खाली मान घालून बटाटे सोलत राहिला. खरं सांगायचं तर मला ते येत नव्हतं. वीस वर्षं लोकांच्या जिभा वळवणारी मी, माझी जीभ वळत नव्हती, आणि ते लपवायला टवाळी बरी पडत होती.

त्यात आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात गेली. रोज दुपारी चार वाजता दिगू दवाखान्यातून आला की तो आणि एल्लिनेद मागच्या भांडी घासायच्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. मी गेले की दोघं गप्प. एकदा मी दारातून पाहिलं तर एल्लिनेद खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत होती आणि दिगू बोट नाचवत होता.

"माझ्याबद्दल बोलत होतात?" मी दिगूला विचारलं.

"नाही गं अक्का."

"मग दार कशाला लावायचं?"

"थंडी येते," तो म्हणाला. त्या खोलीला बाहेरचं दारच नव्हतं. मी काय समजायचं ते समजले.

रविवारी दोन वाजता, त्यांचं चर्च सुटल्यावर, बारसं. बाराव्या दिवसाचं बारसं सत्तराव्या दिवशी. पाळणा म्हणजे एल्लिनेदच्या माळ्यावरची जमिनीवर डुलणारी लाकडी पेटी. टांगता पाळणा नाही म्हणून मी तिला एक दोरी बांधली, की हलवताना निदान काहीतरी ओढल्यासारखं वाटावं. घुगऱ्या मी भिजवल्या होत्या, त्या अकरा जणांनी एकेक दाणा तोंडात टाकून 'किती वेगळं' म्हणत खाल्ल्या. पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा निजवतात, तो मी कराडहून टोपडं घालून आणला होता. विमानतळावर त्यांच्या माणसाने तो हातात घेऊन विचारलं होतं, "हे काय?" "बाळ," मी म्हटलं होतं, आणि त्याने मुकाट्याने परत ठेवला होता.

वरवंटा पाळण्यात ठेवून काढला. मग शानने मुलीला ठेवलं. गोरी, काळ्याभोर जावळाची पोर, कपाळ हुबेहूब आईचं. तेवढं बघितलं आणि माझ्या मनात उरलीसुरली शंकाही राहिली नाही.

"आता अक्का कानात नाव सांगेल," दिगूने सगळ्यांना इंग्रजीत समजावलं, "आणि ती सांगत असताना आपण तिच्या पाठीत धपाटे घालायचे. रीत आहे."

ही रीत त्या मंडळींना फारच आवडली. मी वाकले मात्र, आणि दावीद, हिऊ, फीऑन, अङ्हारद, सगळे माझ्या पाठीवर तुटून पडले. एवढ्या मनापासून कराडातही कुणी कुणाला धपाटे घातले नसतील. हसण्याखिदळण्याच्या त्या गलक्यात मी कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि म्हटलं, "मंजुळा. मंजुळा दिगंबर सबनीस. दुसरं काही तुझं नाव नाही."

तीन वेळा सांगितलं. पोर टकमक बघत होती. मी उठले तेव्हा पाठ दुखत होती आणि मन गार झालं होतं.

"आता मोठ्यानं सांग अक्का," शान म्हणाली.

"माझी जीभ वळत नाही बाई," मी म्हटलं. "तुमचं तुम्हीच सांगा."

दिगूने सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नाव पुन्हा पुन्हा घेतलं, तो फुंकर मारल्यासारखा आवाज खोलीभर झाला. मी दोरी धरून पाळणा हलवत उभी राहिले. इतक्या लोकांना इतकं सहज फसवता येतं याची मला गंमत वाटत होती.

तेवढ्यात एल्लिनेद पुढे आली. "मी सांगितलं तर चालेल कानात?" तिने मला विचारलं. "की फक्त आत्याच?"

"सांगा की," मी म्हटलं. आता सांगून काय होणार होतं? जागा भरली होती.

ती गुडघ्यांवर बसली. तिच्या पाठीत कुणी धपाटे घातले नाहीत, त्यामुळे खोली एकदम शांत झाली. मी दोन हातांवर उभी होते. तिने डोळे मिटले, ओठ एकदा नुसतेच हलवले, आणि मग बाळाच्या कानात म्हणाली, "मंजुळा."

ळ. जीभ मागे मुडपून, टाळूला लागून सुटलेला स्वच्छ ळ. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींनाही येत नसे असा, दहापैकी पूर्ण दहा गुण द्यावेत असा.

दोरी माझ्या हातातून सुटली.

एल्लिनेद पाळण्याचा काठ धरून उठली आणि माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "बरोबर आलं?" तिने विचारलं. "खरं सांगा. डिग म्हणतो, आलं."

मी मान हलवली.

"त्याला हेच नाव ठेवायचं होतं," ती म्हणाली. "पण तो म्हणाला, इथं सगळे त्याचं वाटोळं करतील, मंजूला, मॅनजूला, आणि अक्काला आपल्या आईचं नाव तसं ऐकवणार नाही. तिला ते सहन होत नाही. म्हणून नकोच म्हणाला. मी म्हटलं, मग मला शिकव. एकीला तरी येऊ दे. सात आठवडे लागले मला. रोज चार वाजता." तिने माझा हात हातात घेतला. "तुम्ही एवढ्या लांबून येऊन आमचं नाव तिच्या कानात दिलंत. तर तुमचं मी द्यायला नको?"

दिगू माझ्याकडे बघत होता. बक्षिसाची वाट बघणाऱ्या मुलासारखा बघत होता, नऊ वर्षांचा असताना बघायचा तसा. मी त्याला म्हटलं, "चांगलं शिकवलंस." मग उरलेल्या घुगऱ्या घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मला माझीच इतकी किळस आली, की हातातलं भांडं कुठे ठेवावं ते कळेना. आईचं नाव दिगूने माझ्यामुळे टाकलं होतं. फूटपट्टीला भिऊन टाकलं होतं. आणि त्या बिचाऱ्या पोरीच्या कानात दोन बायकांनी एकच नाव दोनदा सांगितलं होतं, तिचं स्वतःचं नाव कुणीच सांगितलं नव्हतं. आणि ते सांगायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगू दवाखान्यात गेला, शान अंघोळीला गेली. बाळ पाळण्यात जागं होतं. मी जमिनीवर मांडी घालून बसले, पाळण्यात डोकं घातलं आणि जीभ लावली.

"ग्वेन-लियन."

नाही. हा साधा ल झाला.

"ग्वेन-श्लियन." हा तर माणसाचा शब्दच नव्हता. "ग्वेन-थ्लियन." पोरीच्या गालावर शिंतोडा उडाला. मी पदराने पुसला. ती हसली.

मागे चाहूल लागली. एल्लिनेद दारात उभी होती, हातात दूध घालायची बाटली. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही.

"काल नाही सांगितलंत ना?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही, तोंडही वाकडं केलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"काय सांगितलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

मला वाटलं, आता ऐकवेल. मी असते तर ऐकवलं असतं, गावभर केलं असतं, पुढची दहा वर्षं शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगितलं असतं. तिने बाटली टेबलावर ठेवली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. तिचे गुडघे कुरकुरले.

"मग आज सांगा," ती म्हणाली. "जीभ लावा. ल म्हणू नका. श्वास."

मी केलं.

"पुन्हा."

मी पुन्हा केलं. असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. वीसच्या वर नक्की झालं. प्रत्येक वेळी काही ना काही चुकत होतं. कधी ल यायचा, कधी श, कधी नुसतीच थुंकी. माझ्या कपाळावर घाम आला. मी त्रेचाळीस वर्षांची बाई, एम.ए. मराठी, एका पाळण्यासमोर बसून एक अक्षर घोटत होते आणि ते मला येत नव्हतं.

"मला नाही जमत," मी म्हटलं.

"तुम्ही जे म्हणता ते म्हणा तिच्या कानात," एल्लिनेद म्हणाली.

"चुकीचं?"

"चालतं. तिला कळेल, तुम्ही कुणाला हाक मारताय ते."

असं कुणी कुणाला म्हणू शकतं, हे मला त्रेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मी कुणालाही म्हटलं नव्हतं. दिगूला नाही. हौसाला नाही. हौसा वर्गापुढे उभी राहून वीस वेळा 'आनि' म्हणाली होती आणि वीसही वेळा मला कळलं होतं, तिला काय म्हणायचं आहे ते.

मी वाकले आणि पोरीच्या कानात तिचं नाव सांगितलं, जसं आलं तसं. मग एल्लिनेदने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, बारीकसा. मी तिथेच पाळण्याच्या कडेला डोकं टेकून रडले.

एल्लिनेद जाऊन आता चार वर्षं झाली. दिगूला हे सगळं तिने कधी सांगितलं नाही, आणि मीही अजून सांगितलेलं नाही. कराडला परत आल्यावर मी वीटभट्टीच्या वस्तीवर गेले होते. ती माणसं केव्हाच दुसरीकडे गेली होती, कुठे ते कुणाला सांगता आलं नाही. पुढची पंधरा वर्षं मी शिकवलं. माझ्या वर्गातल्या पोरी पानी पिऊन येत होत्या.

ग्वेनलियन आता सव्वीस वर्षांची आहे. तिचं नाव मला अजूनही नीट घेता येत नाही, ते घेतलं की ती फोनवर खळखळून हसते आणि "ओ" देते. मराठी ती हौसेनं शिकली, माझ्याशी बोलायचं म्हणून. परवाच सांगत होती, "आत्या, मी सुट्टीत येनार, आनि आपन कराडच्या नदीवर जाऊ."

"ये," मी म्हटलं. "जाऊ आपन."